वाळूकडचा वाटा

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठ्याहत्तर, विधवा, होड्यांच्या ताडपत्र्या आणि छतं शिवण्याचा धंदा करून आता निवृत्त, गावाच्या टोकाला वाळूला लागून असलेल्या घरात एकटी राहणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला आले होते, त्यांना दारातून परत पाठवलं आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कान थोडे गेले आहेत, पण जे मी ऐकू नये असं लोकांना वाटतं ते नेमकं ऐकू येतं. या मृत्युपत्राचं कारणही तेच आहे.

वकीलसाहेबांनी मला मोजकं लिहायला सांगितलं होतं. मध्ये मध्ये ते म्हणत राहिले, "आजी, मृत्युपत्रात असलं काही लिहीत नाहीत." मी विचारलं, "काय लिहीत नाहीत? खरं?" तेव्हापासून ते नुसता चहा पीत आहेत.

कलम पहिलं. मिळकतीची हकीकत.

माझ्या सासऱ्यांच्या जमिनीचे दोन भाग झाले. रस्त्याकडचा भाग, विहीर आणि चांगली काळी माती मोठ्या दिरांनी घेतली. वाळूकडचा भाग, जिथे मिरचीचं रोपसुद्धा तग धरत नाही, तो माझ्या नवऱ्याला मिळाला. त्या काळी समुद्राकाठची जागा म्हणजे जाळी वाळत घालायची आणि मोडक्या होड्या टाकायची जागा होती. थोरल्या जाऊबाई वाटणीच्या दिवशी मला म्हणाल्या होत्या, "वाईट वाटून घेऊ नकोस हो, हवा तर छान येते." तो टोमणा मी गिळला, पचवला मात्र नाही.

पुढे शहरातले लोक समुद्र बघायला येऊ लागले आणि आमच्या वाळूला सोन्याचा भाव आला. तेव्हापासून जाऊबाईंचं म्हणणं असं की वाटणीत त्यांची फसवणूक झाली. वाटणी त्यांच्याच नवऱ्याने केली होती, हे त्यांना पटवायला गेलं की त्या आणखी मोठ्याने बोलतात. आमच्या दोन घरांमध्ये कमरेइतकी भिंत आहे. त्या भिंतीवरून आमचं रोज सकाळी भांडण होतं. त्या मोठ्या असल्यामुळे मी त्यांना शिव्यासुद्धा अहो-जाहो करूनच देते.

हे घर माझ्या नवऱ्याने बांधलं आणि जाताना एकट्या माझ्या नावावर केलं. घराची पाठ समुद्राकडे आहे. त्या बाजूला एकही खिडकी नाही, फक्त वर दोन झरोके. घर आणि वाळू यांच्यामध्ये काटेरी झुडपांचा आणि वेलींचा पट्टा आहे. इथल्या सगळ्या जुन्या घरांची अशीच ठेवण आहे. समुद्र बघायचा असेल तर माणूस उठून वाळूवर जातो. समुद्राला घरात बोलावत नाही.

कलम दुसरं. माझा मुलगा.

माझा एकुलता एक मुलगा शहरात घरांच्या सजावटीचं काम करतो. तीन वर्षांपूर्वी मी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी त्याच्याकडे गेले होते. सून माझ्या डोळ्यांत वेळेवर थेंब घालत होती, आणि मला वाटत होतं किती गुणाची आहे. तेवढ्यात मुलाने इकडे मागची भिंत फोडून जमिनीपासून छतापर्यंत काच बसवली. "व्ह्यू" आडवा येतो म्हणून झुडपं मुळासकट काढली. मी परत आले तर घरात शिरताच समोर समुद्र, एखाद्या आगाऊ पाहुण्यासारखा. मुलगा म्हणाला, "आई, सरप्राइज!"

त्याच्या बरोबरीचं इथलं कोणतंही पोर ही चूक करणार नाही. झुडपं वाळू धरून ठेवतात हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. पण आम्हीच त्याला लहानपणी बोर्डिंगात टाकलं, मोठा माणूस व्हावा म्हणून. तो झाला.

पहिल्याच वादळात वाळू सरकली, लाटा पायरीपर्यंत आल्या आणि ती काच फुटून पाणी आत घुसलं. मी माझं शिवणाचं मशीन उचलायला बघत होते आणि ते काही उचलवत नव्हतं. जाऊबाई भिंत ओलांडून आल्या. तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. भिंत कशी ओलांडली हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

"मशीन सोड! आधी तू बाहेर हो!" त्या ओरडल्या.

"तुम्ही कोण मला सांगणार? माझं घर आहे!"

"घर कसलं, हौद झालाय. हो बाजूला, मूर्ख बाई."

असं म्हणून त्यांनी मशीनचं वरचं धूड पट्टा तोडून कडेवर घेतलं आणि गुडघाभर पाण्यातून आपल्या ओसरीवर नेऊन ठेवलं. मी मागोमाग गेले. त्यांनी मला कोरडं लुगडं दिलं आणि ते परत देताना त्यावर डाग पडल्याचं त्या आजही ऐकवतात. मी त्यांचे आभार मानलेले नाहीत. इथेही मानत नाही.

काचेच्या जागी मी पुन्हा चिऱ्याची भिंत घातली. मुलगा फोनवर चिडला. "आई, समुद्र दिसत नाही असं समुद्रकाठचं घर कोण घेईल?" मी म्हटलं, "घ्यायला कोणाला सांगितलंय?" त्यावर त्याने घाईने फोन ठेवला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात तो आला, सोबत समुद्राकाठी जागा शोधणाऱ्या एका हॉटेलवाल्याला घेऊन. मी आत पडले होते. त्यांना वाटलं मला झोप लागली आहे. हॉटेलवाला पावलांनी अंगण मोजत होता आणि माझा मुलगा त्याला म्हणाला, "आई आहे तोवर थांबा. फार थांबावं लागणार नाही." आवाजात वाईट वाटल्याचा लवलेश नव्हता. बस येईलच, असं सांगावं तसं म्हणाला. मी त्या मुलाला नऊ महिने पोटात आणि तापात रात्र रात्र खांद्यावर वागवलं आहे. ते वाक्य ऐकून मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

म्हणून मुलाला या घरातलं पुढीलप्रमाणे देण्यात यावं: फुटलेल्या काचेचे तुकडे, जे मी पोत्यात भरून ठेवले आहेत, आणि माझ्या लग्नातला आरसा, त्याने त्यात बघावं म्हणून. बँकेत जे काही आहे ते माझ्या नातीच्या शिक्षणासाठी. तिच्यावर माझा राग नाही. तिला कुठेही शिकवा, सुट्टीत मात्र वाळूवर पाठवा.

कलम तिसरं. हत्यारं.

मशीन, जाड सुया, मेण आणि तळहाताला बांधायचं चामडं हे सगळं बाजारात चपला शिवणाऱ्याला द्यावं. "बाईच्या हातून जाड कापड शिवून होत नाही" असं तो उभा जन्म म्हणत आला आणि स्वतःच्या दुकानाची ताडपत्री मात्र गुपचूप दुसऱ्याच्या हाती पाठवून माझ्याकडून शिवून घेत राहिला. मला टाका ओळखता येतो, तसा पाठवणाराही ओळखता येतो. तरी मशीन त्यालाच, कारण तेल वेळेवर घालणारा या गावात तो एकटाच आहे.

कलम चौथं. घर.

माझं राहतं घर, अंगण, झुडपांचा पट्टा (मी पुन्हा लावला आहे, आता गुडघ्याएवढा झाला आहे) आणि वाळूपर्यंतची सगळी जागा मी माझ्या थोरल्या जाऊबाईंना देत आहे. त्यांच्या पश्चात त्यांनी ते आपल्या मुलींना द्यावं. जाऊबाई, घ्या. इतकी वर्षं घसा फोडून मागत होतात ना, हा घ्या वाळूकडचा वाटा. हवा छान येते.

मागची भिंत फोडू नये. झुडपं तोडू नयेत. होडीवाल्यांची अंगणातून वाळूवर जायची वाट अडवू नये. विकायचं तर नाहीच, पण ते त्यांना सांगायची गरज नाही. हॉटेलवाला त्यांच्याकडे गेला तेव्हा त्यांनी त्याच्या गाडीवर शेणाचं घमेलं रिकामं केलं. ते दृश्य मी भिंतीआडून पाहिलं आणि त्या वेळी हे कलम माझ्या मनात पक्कं झालं.

जाऊबाई माझ्याकडून काही घेणार नाहीत हे मला माहीत आहे. ताठा त्यांच्या हाडात आहे. म्हणून असं ठरवते की त्यांनी नकार दिला तर घर माझ्या मुलाकडे जाईल, विकायच्या पूर्ण अधिकारासह. मग हॉटेलवाला इथे तीन मजले चढवेल आणि त्याच्या गच्चीतले पाहुणे जाऊबाईंच्या उघड्या न्हाणीघरात बघत थंड पेय पितील. आता देऊन दाखवा नकार.

कलम पाचवं. गुप्तता.

मी जिवंत आहे तोवर या मृत्युपत्रातला एकही शब्द जाऊबाईंच्या कानावर जाता कामा नये. कळलं तर त्या नरमतील, चांगलं वागतील, कदाचित खीर घेऊन येतील. मला ते सोसवणार नाही. मुलगा फोन करतो तो "बरी आहेस ना" एवढं विचारून ठेवून देतो. डॉक्टर "जीभ दाखवा" म्हणतात. दिवसभरात माझ्याशी पूर्ण वाक्यात बोलणारी ती एकच बाई आहे. आमचं भांडण मिटलं तर मी उठायचं कशासाठी?

अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी.

बाईंची सही आमच्यासमक्ष झाली. मजकूर आम्हाला वाचू दिलेला नाही.
साक्षीदार: (सही) डॉक्टर.
साक्षीदार: (सही) टपाल वाटणारे. यांनी दोनदा डोकावून वाचायचा प्रयत्न केला.

ठिकाण: याच घराची पुढची खोली.
दिनांक: ९ डिसेंबर, सकाळ.

ता. क. सही करता करता बाहेरून जाऊबाईंची हाक आली आहे. मी जाळलेल्या पाचोळ्याचा धूर त्यांच्या वाळवणावर जातो म्हणतात. माझं चुकलेलं नाही, वारा त्यांच्याकडचा आहे. कागद वकीलसाहेबांच्या हाती देऊन मी भिंतीपाशी जात आहे.

(सही)