जिभेवरची भट्टी

पुराचा ऋतू, महिना दुसरा, दिवस ४

आजही चाटलं! दगडांखालच्या लगद्यासाठी भट्टीत भाजलेल्या जिप्समची चिमूट थेट जिभेवर, डोळे मिटून, जुन्या बिअरचा घोट घ्यावा तशी. मग म्हणे, “झालं. काढा.” हा आमचा भट्टीप्रमुख इंकाफ! राजाचा पिरॅमिड याच्या जिभेवर उभा राहतोय.

मालात राख, कोळसा, कच्चे खडे — सगळं. मी चाळायला गेलो तर म्हणतो, “लेखनिकबुवा, दगडाला काय नवरी दाखवायचीय?” सगळे फिदीफिदी हसले. शाळेत मी दोनच वर्षं काढली, मान्य. पण माझ्या नोंदींत एक चूक काढून दाखवा!

दिवस ५

भाकरी, कांदे. परत चाटलं.

दिवस ८

मुकादम हेतेपी आला होता. “म्हातारा थकला. याच्यानंतर भट्टी कुणाकडे द्यायची?” म्हणताना माझ्याकडे बघितलं — नक्की माझ्याकडेच! आईला अजून सांगितलं नाही.

दिवस ११

इंकाफ बापाच्या थडग्यावर भाकरी ठेवायला गेला, हेतेपीला न सांगता. भट्टी माझ्यावर सोपवली. जाताना बजावलं, “जाळ मंद ठेव. खुंटीची सावली रांजणाला शिवली की विझव.” सावली म्हणे! मी संध्याकाळपर्यंत दणकून जाळ केला. माल निघाला दुधासारखा पांढरा. तीनदा चाळला.

दिवस १२

माझ्या मालाचा लगदा कोपऱ्याच्या दगडाखाली गेला. इंकाफचा लगदा कालवताच घट्ट व्हायला लागतो, माणसं बोंबलत धावतात. आज सगळं निवांत! दगड ओढणारे म्हणाले, “तेलावर सरकतोय रे!” हे बघायला म्हातारा हवा होता.

दिवस १३

लगदा अजून ओलाच. दगड वीतभर घसरला. कुणाला लागलं नाही.

“हा चिखल कुणी भाजला?” हेतेपी कडाडला. मी मान खाली घालून नोंदी बघत राहिलो. सकाळीच परतलेल्या इंकाफने सांध्यातला लगदा बोटावर घेतला, चाटला. माझ्याकडे बघितलं.

“मीच,” म्हणाला. “जास्त भाजला गेला. जीभ म्हातारी झाली, मुकादम.”

मूर्ख! मी सांगितलं होतं का त्याला स्वतःवर घ्यायला?

दिवस १५

इंकाफला खाणीवर धाडलं. भट्टी माझी.

सगळे माझ्याकडे बघत उभे होते. चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले. नुसती माती लागली.

“झालं,” म्हणालो. “काढा.”