शाळेचा आवाज

२७ जानेवारी २००३, सोमवार

काल झेंडावंदन झाल्यावर सनाने धडा वाचून दाखवला. तिसरीचं पुस्तक हातात, मान ताठ, कुठे अडखळणं नाही. वस्तीवरची माणसं टाळ्या वाजवत होती आणि मी बिस्किटांचे पुडे मोजल्यासारखं करत उभी. पोरगी माझी, वर्गही माझाच, टाळ्या तरी कशा वाजवणार? आतून फुलले होते, खोटं कशाला लिहू.

मग आप्पा उठले. माजी सरपंच, त्यांना उठू नका म्हणायची कुणाची छाती नाही. म्हणाले, "पोरगी ग्वाड वाचती. पन ती बाईंची हाय. बाकी शाळंचा दर्जा आता न्हाई राह्यला. आमच्या टायमाला मास्तर म्हंजी मास्तर व्हता." जूनपासून शिरूरच्या इंग्लिश स्कूलची पिवळी गाडी फाट्यापर्यंत येणार आहे. आप्पांचे दोन्ही नातू त्यात बसणार. शेजारी साळवे गुरुजी, आमचे मुख्याध्यापक, छताकडे बघत होते. ते चिडले की छताकडे बघतात.

रात्रीच्या जेवणाला सनाचे अब्बा, इ., म्हणाले, "सनालाही तिकडेच टाकू. कंपनीत मशीनवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं. माझं अडतं, तिचं अडायला नको."

"झेडपीची बाईच आपली पोर काढून नेणार? मग बाकीचे थांबतील का?"

"हे तू बाई म्हणून बोलतेस की अम्मी म्हणून?"

भाकरी करपायला लागली होती, तिच्याकडे वळले. जूनपर्यंत ठरवायचं आहे.

३० जाने.

न्हावऱ्यात, आम्ही राहतो तिथे, शेजारच्या सुरेखाचा मुलगा त्याच इंग्लिश स्कूलला जातो. आज टाय लावून आला, गाईवरची आठ-दहा इंग्रजी वाक्यं घडाघडा म्हणाला. मी विचारलं, यातला गाय हा शब्द कुठला रे? पुस्तकात बोट ठेव बघू. त्याने चित्रावर ठेवलं. सुरेखा म्हणाली, "लाजतोय."

घरी येऊन इ.ना सांगून पोट धरून हसले. ते हसले नाहीत. "निदान इंग्रजी तरी म्हणतो," म्हणाले.

६ फेब्रु.

मतदार यादीचं काम. दुपारभर दारोदार. "तुमच्या घरात नवीन सून आली का, कुणी वारलं का" हे विचारत हिंडायचं. मागच्या महिन्यात पोलिओ होतं. तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे, पहिली-दुसरी गुरुजींकडे. मी नसले की गुरुजी माझ्या वर्गाच्या दारात येऊन एवढंच म्हणतात, "हां, पाठ म्हणा." एक जण पुढे म्हणतो, बाकीचे मागून. गुरुजी परत पलीकडे.

आप्पांच्या गोठ्यापाशी थांबले, ताक दिलं त्यांनी. शाळेचा सूर तिथवर ऐकू येत होता. आप्पा म्हणाले, "बाई, एवढं मातर खरं. आवाज आला का बरं वाटतं. शाळा चालू हाय म्हनायची."

बरं मलाही वाटलं. तिसरीतल्या कोमलचा आवाज मात्र त्या सुरात नेहमी मागे. सगळी ओळ संपवतात तेव्हा ही मध्येच कुठेतरी. कितीदा सांगितलं, सगळ्यांबरोबर म्हण म्हणून. परवा ओरडलेही.

१५ फेब्रु., शनिवार

हे लिहायला नको वाटतंय, पण लिहिते.

संध्याकाळी सना दादीजवळ बसून मोठ्याने वाचत होती. मी पीठ मळत होते. लाइट गेली, रोजचंच. मी काडेपेटी शोधायला लागले आणि लक्षात आलं, सना थांबली नाहीये. अंधारात वाचन चालूच. ओळ संपली, पुढची सुरू झाली. पान उलटल्याचा आवाजसुद्धा आला.

सासूबाई खूश. "अंधारे में बी पढती गे मेरी बच्ची!"

मी कणकेचा हात तसाच धरून उभी. पाठ तर सगळ्यांनाच होतं, त्यात काय, असं स्वतःला समजावलं. लाइट आल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागच्या पानावर लोणच्याची कृती होती. म्हटलं, ही एक ओळ वाच बेटा. सना त्या ओळीकडे बघेना. माझ्या ओठांकडे बघत होती, मी सुरुवात करून द्यायची वाट बघत. शेवटी म्हणाली, "अम्मी, तू पहिलं म्हण ना."

अक्षरं येतात तिला. सुटी सुटी सगळी येतात. शब्द येत नाही. तीन वर्षं माझ्याबरोबर, माझ्याच गाडीवर मागे बसून शाळेत येते ही.

इ.ना सांगितलं नाही. सुरेखाच्या मुलाला हसले होते ना मी.

१७ फेब्रु.

आज वर्गात पुस्तकं बंद करायला लावली. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे वाटले, एकेकाला जवळ बोलावलं. मंगेश, जो सगळ्यात मोठ्याने पुढे म्हणतो, त्याने पेपर हातात घेऊन आत्मविश्वासाने तिसरीचा दहावा धडा म्हणायला घेतला. हसू आलं आणि मग रडूही. चौथीतल्या दोघी-तिघींना येतं, बाकी बहुतेक सनासारखेच.

कोमलला सगळ्यात शेवटी बोलावलं. ती अंग चोरून आली. पेपरवर बोट ठेवलं आणि हळूहळू, एक शब्द, मग दुसरा, "कां-द्या-चे भाव" असं करत ओळ संपवली. मग मान वर करून म्हणाली, "भाव पडलं म्हंजी खाली सांडलं का, बाई?"

पोरगी सुरात मागे राहायची कारण ती खरंच वाचत होती. आणि मी तिलाच ओरडत होते.

१८ फेब्रु.

सा. गुरुजींशी बोलले, मधल्या सुट्टीत. मला वाटलं होतं छताकडे बघतील. नाही बघितलं.

"माझ्याकडचीही तशीच आहेत, बाई. मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"दोन वर्ग, एक माणूस, वर हजार कामं. सूर बंद केला तर पोरं एकमेकांच्या अंगावर बसतील. सुरात निदान बसून राहतात."

मी म्हटलं, म्हणजे आप्पा म्हणतात तेच खरं? दर्जा घसरला?

तेव्हा जरा तापले. म्हणाले, "आप्पांच्या वर्गात चौथीपर्यंत कोण राहायचं ते आप्पांना विचारा. ज्याला येत नाही तो गुरं राखायला. पोरी चुलीपाशी. आमच्या वस्तीतला माझा बाप दाराबाहेर बसून ऐकायचा, तो तर हजेरीतसुद्धा नव्हता. उरलेल्या चार जणांना पावकी-निमकी यायची, म्हणून शाळा चांगली. आता सगळी येतात. सगळ्यांना शिकवायचं कसं, ते मात्र आपल्याला कुणी शिकवलं नाही."

पटलं. पण पूर्ण समाधान झालं नाही. कोमलची आई कांदा काढायला जाते, तिची पोर वाचते. माझी पोर वाचत नाही. यात आप्पांच्या जमान्याचा काय दोष?

३ मार्च

आजपासून सूर बंद. गुरुजींनी "करून बघा" एवढीच परवानगी दिली. चौथीतल्या येणाऱ्या मुलींजवळ दोन-दोन पोरं बसवली, एकेक जण माझ्याकडे. कोमल सुद्धा शिकवते. ती कुणालाच घाई करत नाही, माझ्यापेक्षा बरी आहे.

पहिल्या दिवशी कुणी बोलतच नाही, कुजबुज फक्त. पोरांना स्वतःचा एकट्याचा आवाज ऐकायची सवय नाही, लाजतात. मंगेश तर आजारी पडला म्हणे.

७ मार्च

आप्पा काठी टेकत शाळेत. दारातून डोकावले. "बाई, शाळा बंद पडली का काय? चार दिस झालं, आवाज न्हाई. आमाला वाटलं तुमी पुन्हा याद्यांवर गेला."

"चालू आहे आप्पा. वाचतायत."

"ह्ये वाचनं? कुजबुजत्यात नुसती. वाचनं कसं, गावात ऐकू आलं पायजे."

मंगेशला उभं करून ऐकवावं म्हटलं. तो "आ-ज" वर अडकला, घामाघूम. आप्पांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की बस्स. जाताना म्हणाले, "जानेवारीत येत व्हतं की त्याला!"

कसं सांगू, जानेवारीत येत नव्हतं म्हणून.

१४ मार्च

पालकांची बैठक. आणखी चार-पाच घरं जूनमध्ये पोरं काढणार. एक जण म्हणाला, "आदी पोरं धडे म्हनायची, आता अक्षरावर आल्यात. म्हंजी मागंच गेली की." टाळी पडली त्याला. गुरुजी बोलले माझ्या बाजूने, पण त्यांचं बोलणं लांबलं, लोक उठायला लागले.

इतकी वर्षं शिकवत नव्हते तेव्हा चांगली बाई होते. आता शिकवायला लागले तर शाळा बुडवली. राग येतो. कुणावर ते नीट ठरत नाही, म्हणून सासूबाईंच्या भांड्यांवर निघतो.

सनाही बदलली आहे. घरी वाचायला बस म्हटलं की पुस्तक पाठीमागे लपवते. सासूबाई माझ्यावर नाराज. "अच्छा पढती थी लडकी. तूने क्या कर दिया?"

काल इ.ना सगळं सांगितलं, अंधारातल्या वाचनासकट. वाटलं म्हणतील, बघ, मी सांगत होतो. म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग तर तिकडे टाकायलाच पाहिजे." मी म्हटलं, किंवा मग तर नाहीच. दोघंही खरं बोलत होतो.

१२ एप्रिल

शिरूरला जाऊन आलो, तिघं. इंग्लिश स्कूल बघायला. इमारत देखणी, पंखे सगळे चालू, संडासला पाणी. आमच्या शाळेत नाही, लिहून ठेवते. प्रत्येक वर्गाला वेगळी बाई. त्यांना यादीची कामं नाहीत. हेवा वाटला, अगदी मनापासून.

ऑफिसबाहेर बसलो होतो तेव्हा वरच्या वर्गातून आवाज यायला लागला. बाई एक ओळ म्हणतेय, मागून सगळी मुलं. इंग्रजीत. शब्द वेगळे, सूर अगदी तोच. सना लगेच पाय हलवून त्या तालावर मान डोलवायला लागली. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा असा मोकळा दिसला.

इ. म्हणाले, "बघ, तिला आवडलं."

जागा ठेवली आहे. शाळा उघडायच्या दिवशी सांगायचं.

८ मे, दौंड

माहेरी. वडील रेल्वेत होते, घर स्टेशनच्या जवळच. आज सनाला घेऊन फलाटावर गेले, भाऊ येणार होता त्याला आणायला. गाडी लेट. सना एका पाटीसमोर उभी राहिली. मी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिले. ओठ गच्च मिटून ठेवले.

"पि... पिण्... पिण्या... चे." मग बराच वेळ काही नाही. हमाल बाजूने गेला, तिने त्याच्याकडेही बघितलं नाही. "पा... णी." आणि मग जोरात, "अम्मी, पिण्याचे पाणी! हे पाणी प्यायचं आहे!"

तेवढ्यात गाडी आली. गाडीतून उतरलेला भाऊ विचारतो, "रो क्यों रही है?" मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं.

त्यानंतर पोरगी दिसेल ते वाचतेय. हळू, चुकत. "थुंकू नये" वाचून खो खो हसली. सासूबाईंना दाखवलं तर त्यांना पटणार नाही, त्यांच्या मते ही आधी घडाघडा वाचायची.

१४ जून, शनिवार

सोमवारी शाळा. इ. म्हणाले, "आता तूच ठरव. मी फॉर्मवर सही करून ठेवली आहे. द्यायचा की फाडायचा, तू बघ." हे म्हणजे मोठेपणा देऊन अडकवणं झालं. रागावले नाही, कारण तेही रात्री झोपलेले नाहीत.

दुपारी कोमलची आई वाटेत भेटली, डोक्यावर चाऱ्याचा भारा. तो न उतरवताच उभी राहिली.

"बाई, सना हाय न्हवं औंदा आपल्या शाळंत?"

"का गं?"

"न्हाई, कोमलचा बाप म्हनतोय, कर्ज काढू पन गाडीत बसवू. म्या म्हनलं, बाईंची पोर जिथं, तिथंच आपली. मंग काय ती शिकंल."

मी "बघू" म्हटलं. बघू! यापेक्षा काही तरी बरं तोंडात यायला पाहिजे होतं.

आमच्याकडे राहिली तर पुन्हा याद्या, पोलिओ, दोन वर्ग, आणि मी. मी एकटी किती दिवस हे असं एकेकाला जवळ घेऊन बसणार, माझा मलाच भरवसा नाही. जानेवारीत दमले की पुन्हा "हां, पाठ म्हणा" म्हणेन. तिकडे गेली तर पंखे, वेगळी बाई, इंग्रजी, आणि पुन्हा तो सूर. आता कुठे ती त्यातून बाहेर आली होती. आणि सनाच्या मागे कोमल येणार, ती काळजी वेगळीच.

संध्याकाळी सनाच्या वेण्या घालत होते. म्हटलं, तुला काय वाटतं बेटा, शिरूरला जायचं का? मला वाटलं गाडीचं विचारेल, टायचं विचारेल.

रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "अम्मी, तिकडे हळू वाचलेलं चालतं का?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"आणि आपल्या शाळेत?"

हातातली वेणी सुटली. पुन्हा पहिल्यापासून घातली.