ओव्याची पुरचुंडी

१२ फेब्रुवारी

ती. आईंना शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. मी ठीक आहे. शाळेत पुन्हा शिकवायला जाते. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा पोरांचा गोंगाट बरा.

यांना शेवटी ओवा दिला होता का आणि कसा, असं विचारलंत. तुम्ही वैद्य, तेव्हा नीट सांगते. तव्यावर कोरडाच भाजला. वास सुटला की फडक्यात पुरचुंडी बांधायची, आधी माझ्या मनगटावर टेकवून बघायची, मग छाती शेकायची आणि थोडा वेळ हुंगायला द्यायची. पोटासाठी चिमूटभर, सैंधव घालून, कोमट पाण्याबरोबर. तुम्ही सांगितलंत तसंच सगळं. डॉक्टरांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, "बरं वाटत असेल तर द्या. फुप्फुसंच उरली नाहीत, तिथे ओवा काय आणि आम्ही काय."

म्हणून "वेळेवर शेक मिळाला असता तर" हे तुम्ही लिहायला नको होतं.

तुमचं ओव्याचं पार्सल उघडलं तेव्हा हे हसले. म्हणाले, "आमच्याकडे पोट दुखलं की ओवा, छाती भरली की ओवा, गणितात नापास झालो तरी ओवा." मग पार्सल मिटून उशाशी ठेवलं. मी फोनवर तुम्हाला "या" म्हटलं होतं, ते त्यांनी ऐकलं होतं. ओवा आला म्हणजे तुम्ही येत नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं.

मला तुम्ही सून मानलं नाहीत. त्याबद्दल कधी बोलले नाही, आजही बोलणार नव्हते. पण पत्रात तुम्ही ओव्याचं सगळं विचारलंत, आणि मुलाने तुमची आठवण काढली का, एवढंच विचारलं नाहीत.

काढली. शेवटच्या दुपारी पुरचुंडी नाकाशी धरली, तर डोळे न उघडताच त्यांनी माझा हात धरला.

"आई, कधी आलीस?"

"आत्ताच," मी म्हटलं.

"हिच्यावर रागावू नकोस."

"नाही रागावत."

त्यानंतर ते बोलले नाहीत. इतकी वर्षं संसार केला, पण शेवटचं बोलणं तुमच्याशी झालं, आणि तुम्ही तिथे नव्हतात.

उरलेला ओवा परत पाठवते आहे. तुमच्याकडे रोगी येतात. ज्याची आई यायची नाही असा एखादा येईलच.

तब्येतीला जपा.

जिच्यावर रागावणार नाही असं तुम्ही कबूल केलंत,
ती