डाइकेमाबाईंच्या डब्याचं झाकण

४ नोव्हेंबर, मंगळवार
डाइकेमाबाईंचं हृदय थकलेलं, पाय सुजतात; त्यांना पट्ट्या गुंडाळल्या. घोटा अंगठ्याने दाबून पाहिला – खळगा पडतो, पण लगेच भरतो. दम लागत नाही. मग कॉफी, आणि डब्यातलं बिस्किट. एकच! झाकण असं आपटतात की बोटं सांभाळावीत. नेदरलँड्सच्या उत्तरेला, ग्रोनिंगनच्या आमच्या गावांत हीच रीत, माझ्या आईचीही. दुसरं मागणारा अजून जन्मायचाय.

६ नोव्हेंबर
बैठक. आमचा साहेब यास्पर – आयुष्यात एक जखम बांधलेली नाही, म्हणून आम्हा घरोघर फिरणाऱ्या नर्सांचा 'मार्गदर्शक' – नवा टॅबलेट घेऊन आला, पडद्यावर प्रश्न आणि रकाने. म्हाताऱ्यांना विचारायचं: आज वार कोणता, राजा कोण, शंभरातून सात गेले किती? उत्तरं बरोबर तर डोकं ठिकाणावर. या न्यायाने अर्धं मंत्रिमंडळ दवाखान्यात भरती करावं लागेल.

११ नोव्हेंबर
आज भलतंच! बिस्किट दिलं, आणि डबा पुन्हा माझ्यापुढे. "घे गं यान्तिना, अजून एक."
कप ठेवून आधी त्यांना तपासलं. ताप नाही. नाडी जरा जलद. यास्परला फोन.
"बाईंनी दुसरं बिस्किट दिलं."
"अहो, मग खायचं!"
"इतक्या वर्षांत कधी–"
"प्रश्न विचारलेत?"
विचारले होते. वार बरोबर, राजा बरोबर, वजाबाकी माझ्याहून जलद.
"मग ठणठणीत आहेत. बिस्किटाला आपल्याकडे रकाना नाही."
डॉक्टर वीर्दांना लावला. ते इथलेच.
"दुसरं? आणि झाकण?"
"उघडंच."
"निघालो."

१२ नोव्हेंबर
सकाळी बाई केव्हाच मेलेल्या कुत्र्याला हाका मारत होत्या. लघवीत जंतू निघाले. या वयात ताप यायच्या आधी डोकं भरकटतं. डॉक्टरांनी कालच औषध सुरू केलं म्हणून निभावलं.

१८ नोव्हेंबर
एक बिस्किट. झाकण – धाडकन! जिवात जीव आला.
यास्पर या प्रकरणावर वरिष्ठांपुढे बोलणार आहे. 'माझं निरीक्षण' म्हणून.

९ डिसेंबर
घोट्यातला खळगा भरतच नाही. आठवड्यात वजन वाढलंय, पाण्याचंच. आडवं झालं की दम लागतो, झोपायला तीन उशा लागतात. डॉक्टरांना लगेच कळवलं.
बिस्किट मात्र एकच. तेवढ्यावर मनाची समजूत घातली.

१६ डिसेंबर
एक घेतलं. झाकण टेबलावरच राहिलं.
"अजून घे."
मी नाडी धरली. वार विचारला.
"मंगळवार! खुळ्यासारखं काय विचारतेस? डोकं जागेवर आहे माझं. काल वीर्दा येऊन गेले. हृदय आता औषधालाही जुमानत नाही म्हणाले." डबा माझ्या मांडीवर ठेवला. "ही काही माझ्याच्याने संपायची नाहीत."
मी दुसरं घेतलं. त्यांनीही.