हिरवं कार्ड की लाल

अहो,

संसारात विश्वासापेक्षा मोठं काही नाही. म्हणूनच तुम्ही अंघोळीला गेल्यावर मी तुमचा फोन पाहिला.

तुमचा भाचा प्रीतम म्हणतो, तुमच्या त्या व्हीआर गेमला कॉम्प्युटरमध्ये हिरव्या कंपनीचंच ग्राफिक्स कार्ड हवं. अंधेरीचा दुकानदार लाल कंपनीची शपथ घेतो. मला दोघांचाही संशय आहे. प्रीतमला स्वतःचं जुनं हिरवं कार्ड खपवायचंय आणि दुकानात लाल खोकी छतापर्यंत रचलीत, मी बघून आले. "काकू, डोळे मिटून घ्या," दुकानदार म्हणाला!

संशय तुमचाही होताच. या वयात कसला गेम? मग फोनमध्ये कॅनडाहून आलेला निधीचा मेसेज सापडला, गेल्या गणपतीतला: "बाबा, माझ्यासारखा व्हीआर चष्मा तुम्हीपण घ्या ना, आपण टेबल टेनिस खेळू. आईला सांगू नका."

तिच्या लग्नापासून आम्ही दोघी बोललो नव्हतो. पण कार्ड कुठलं घ्यायचं, ते शेवटी मी तिलाच फोन करून विचारलं. बराच वेळ बोललो.

मी वर्सोव्याला बोंबील आणायला जातेय. कुकर झाला की गॅस बंद करा. प्रीतम बोलवायला आला तरी दुकानात जाऊ नका. निधीनं तिचा चष्मा दिवाळीतच विकून टाकलाय.

जानकी