डोंगरधार, मी आणि सपोर्ट

२ सप्टेंबर
ठरलं. अख्खी डोंगरधार एका दिवसात, पायी. या टोकाच्या पार्किंगपासून निघायचं, मधली खिंड, मग शिखर, आणि त्या टोकाच्या गिर्यारोहक निवासात उतरायचं. जो पूर्ण चालून येतो त्याला निवासाच्या बाई पितळी बिल्ला देतात. साडूने गेल्या वर्षी मिळवला, मेहुणी गाडी घेऊन बरोबर गेली होती. तेव्हापासून जॅकेटवर लावून फिरतो. सासऱ्यांकडे जेवायला आला की घामाघूम होतो, पण जॅकेट काढत नाही.
हा माणूस धार चढू शकतो तर कोणीही चढू शकतो. आमचं घर बदलताना एक सोफा उचलला तर त्याच्या कमरेत उसण भरली होती. (माझ्या बाजूने सोफा सुटला होता, पण तो विषय वेगळा.)
बिल्ला आणायचा. त्याच्यासमोर बसून, शांतपणे, दुसऱ्यांदा भात मागायचा. बस.

३ सप्टेंबर
बायकोला प्लॅन सांगितला. ती हॉस्पिटलात नर्स आहे. वॉर्डात दिवसभर पायाला भिंगरी, म्हणून मुद्दाम तिला बसून करायचं काम दिलंय : ड्रायव्हिंग. मी धार चालणार, ती गाडी घेऊन रस्त्याने खिंडीत येणार, चहा देणार, मग पुढे निवासापाशी जाऊन थांबणार. याला सपोर्ट म्हणतात.
म्हणाली, मलाही चालायला आवडलं असतं. मी समजावलं की टीममध्ये प्रत्येकाचा रोल ठरलेला असतो, आणि दोघंही चाललो तर गाडी कोण आणणार? यावर ती बराच वेळ माझ्याकडे नुसती बघत होती. मुद्दा पटला की ती अशी बघते.

५ सप्टेंबर
प्रॅक्टिस सुरू. आजपासून ऑफिसात चौथ्या मजल्यावर जिन्याने.

५ सप्टेंबर, संध्याकाळ
आमची कंपनी लिफ्ट बनवते. तिथल्याच माणसाने जिना वापरला तर कस्टमरला काय वाटेल? साहेबांनी काही म्हणण्याआधीच प्रॅक्टिस बंद केली. स्टॅमिना मुळात मनात असतो.

११ सप्टेंबर
बूट आणले. दुकानदार म्हणाला, आधी पंधरा दिवस घरात घालून वावरा. एवढे पैसे देऊन नवे घेतलेले बूट मुद्दाम जुने करायचे! ज्याचं त्याचं डोकं. बूट खोक्यात ठेवलेत, ताजे राहतील.
बायकोने तिचे हॉस्पिटलातले जुनेच बूट धुऊन वाळत घातलेत. गाडी चालवायला बूट कशाला लागतात, कोण जाणे.

१७ सप्टेंबर
ऑफिसात जाहीर केलं. साहेबांनी विचारलं, पूर्ण धार? म्हटलं, पूर्ण. खरं तर त्याच वाटेने परतही येऊ शकलो असतो, पण बायको एवढी गाडी घेऊन येतेय, तिचं मन कशाला मोडा.

२० सप्टेंबर, सकाळी साडेसहा. पार्किंग
हवा स्वच्छ. मन स्थिर. निघालो.

सात. पहिलं बाकडं
काठी गाडीत राहिली होती. बायको ती घेऊन धावत वर आली, देऊन धावत खाली गेली. धाप वगैरे लागली नाही तिला. अर्थात, तिच्याकडे फक्त काठी होती. माझ्याकडे बॅग, पाणी आणि जबाबदारी होती.

साडेआठ. तेच बाकडं
उंचीची सवय व्हावी म्हणून थांबलोय. बुटात काहीतरी आहे. काढून बघितलं, काही नाही. म्हणजे पायच आहे. इथून पार्किंगमध्ये आमची गाडी उभी होती ती जागा अगदी स्पष्ट दिसते.
डोळे मिटून पुढच्या वाटेचा अभ्यास करतो.

अकरा. बाकड्याच्या थोडं पुढे
बाकड्यावर डोळे उघडले तर समोर बायको, हातात थर्मास. खिंडीत गाडी लावून वाट बघितली, कंटाळली आणि मला शोधत चालत आली. म्हणजे धारेचा अख्खा पहिला टप्पा ती चालली. पण उलट्या दिशेने. ते धरत नाहीत, असं तिला सौम्य शब्दांत सांगितलं. चहा कोमट होता, तेही सांगितलं. टीममध्ये फीडबॅक महत्त्वाचा.
तिने माझी बॅग घेतली. मीच घेऊ दिली. तिलाही मोहिमेत सहभागी झाल्यासारखं वाटायला हवं.

दुपारी दोन. खिंड
आलो. दोन्ही टाचांना फोड. डाव्या गुडघ्याचं उजव्याशी पटत नाही. बायकोने रस्त्याच्या कडेला बसवून फोडांना पट्ट्या लावल्या आणि नर्सच्या आवाजात सांगितलं, की आता एक पाऊलही चालायचं नाही.
पण मोहीम थांबता कामा नये. लीडरने अशा वेळी डोकं शांत ठेवायचं असतं. निर्णय घेतला : शिखराचा टप्पा ती चालेल, गाडी मी नेईन. नवरा-बायको म्हणजे एकच, सरकारसुद्धा तसं मानतं. टीमने धार पूर्ण केली म्हणजे मीच केली.
माझं वाक्य संपेपर्यंत तिने बुटाच्या नाड्या आवळल्याही होत्या. जाताना एवढंच म्हणाली, की खाली चहा तयार ठेव.

साडेचार. निवासासमोर, गाडीत
पोचलो. रस्ता फार वळणांचा. गाडी चालवणं वाटतं तितकं सोपं नाही, याची नोंद घेतली पाहिजे. निवासाच्या कँटीनमधून थर्मास भरून घेतला.

साडेपाच
शिखर दिसत नाही. धुकं. तिच्याबरोबर निघालेले असावेत असे दोघं तिघं उतरले. त्यांना विचारलं. म्हणाले, एक बाई दिसल्या होत्या, वरच्या कातळापाशी, एकट्या.
चहा ओतून टाकला, दुसरा भरून आणला.

पावणेसहा
फोन लागत नाही. तिसरा थर्मास. कँटीनवाला माझ्याकडे विचित्र बघतोय.
मला भीती वाटतेय. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. ती एकटी वर आहे, आणि मी लीडर आहे, आणि लीडर पार्किंगमध्ये आहे. बिल्ला गेला खड्ड्यात. बुटात पाय जात नाहीत. चपला घालून वाटेने वर जातो.

सव्वासहा
आली. वळणावर धुक्यातून आधी टोपी दिसली, मग ती. मला चपलांत बघून आधी ओरडली, मग हसायला लागली. वॉर्डातून घरी येते तेव्हा इतकी वर्षं मी तिला असं हसताना बघितलेलं नाही. गाल लाल, केसांवर पाणी. वर काय काय दिसलं ते एकसारखी सांगत होती, मधेच थांबून माझा दंड धरत होती. वारा फार होता, डोळ्यांत पाणी येत होतं.
चहा तोवर निवला होता. तिने तक्रार न करता सगळा प्यायला.

सात. निवास, मागची खोली
काउंटरवर निवासाच्या बाई. त्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात : शिखरावरच्या पाटीवर काय लिहिलंय? लीडर या नात्याने मी पुढे होऊन उत्तर दिलं, शिखराचं नाव आणि उंची. बाईंनी मान डोलावली, ती आजाऱ्याकडे बघून डोलावतात तशी. मग बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, काहीच नाही, वाऱ्याने अक्षरं पार गेलीत, नुसतं फळकूट आहे.
बाईंनी पहिल्या टप्प्याचं विचारलं. तिने सकाळच्या काठीपासून सगळं खरं खरं सांगितलं. उलट दिशेचा मुद्दा मी मांडला. बाई म्हणाल्या, डोंगराला दोन्ही सारखंच. आणि बिल्ला हिच्या जॅकेटला लावला.
मग माझ्या चपलांकडे बघून त्यांनी आपुलकीने सांगितलं, की गाडीवाल्यांची बसायची सोय मागे आहे.
मागे एक बाक, पत्त्यांचा जोड आणि बंद पडलेला हीटर. बाकावर चौघं कुडकुडत बसलेले. चौघंही नवरे. एकाने सरकून जागा दिली आणि विचारलं, पहिलंच वर्ष का?

२१ सप्टेंबर
रजा. पाय बादलीत. बायको सकाळी नेहमीच्या वेळेला ड्युटीवर गेली, बिल्ला लावून.
दुपारी साडूचा फोन. मोठ्या आवाजात विचारलं, काय, झाली का धार? मी म्हटलं, आधी मला एक सांग, शिखरावरच्या पाटीवर काय लिहिलंय? तो म्हणाला, शिखराचं नाव आणि उंची, दुसरं काय असणार?
म्हटलं, काउंटरवर मीही अगदी हेच सांगितलं. पलीकडे मेहुणी कोणाला तरी हाक मारत होती, ती ऐकू येत होती. मग दार लावल्याचा आवाज आला, आणि त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, मागच्या खोलीतला तो हीटर दुरुस्त केला का रे त्यांनी?
म्हटलं, नाही अजून.