पहिल्या फटक्यात लागणारी किल्ली

बुधवार, ४ जून
काल चार ते पाचच्या दरम्यान समोरच्या इमारतीतल्या घरदलालाचा खून झाला. भरदुपारी! कुलूप शाबूत. म्हणजे खुनी डुप्लिकेट किल्लीने आत शिरला. इन्स्पेक्टर तडक माझ्याच दुकानात आले. येणारच. किल्ल्यांतला तज्ज्ञ दुसरा आहे कोण? चाळीस मिनिटं माहिती दिली. दलालाची डुप्लिकेट तुम्हीच केलीत का, असं विचारलं. अभिमानाने म्हटलं, ह्याच हातांनी, पंधरा दिवसांपूर्वी. लगेच लिहून घेतलं. माणसाला गुणांची कदर आहे.
संकल्प : आठ दिवसांत खुनी पकडून देणे.

गुरुवार, ५ जून
चौकीत बोलावणं. बोटांचे ठसे घेतले. सल्लागारांचं रेकॉर्ड ठेवत असावेत. चहा विचारला नाही.
चार ते पाच कुठे होतात? दुकानात. साक्षीदार? म्हटलं, सेकंद. सेकंद म्हणजे आमचा घड्याळजी. बारा वर्षं एकाच शटरखाली आहोत. उजवीकडे त्याची घड्याळं, डावीकडे माझ्या किल्ल्या. मग आठवलं, त्या वेळी सेकंद दुकानात नसतोच! रोज चारच्या ठोक्याला पिशवी उचलतो, पाच मिनिटांत आलो म्हणतो आणि तासाने उगवतो. लोकांची घड्याळं लावणारा माणूस! तेही सांगून टाकलं. इन्स्पेक्टरांनी खाली रेघ मारली.
वाईट वाटलं. पण कर्तव्य ते कर्तव्य.
घरी येताना लक्षात आलं, आता मला साक्षीदार उरला नाही. पण मला लागतोय कशाला?

शनिवार, ७ जून
सेकंदला दोनदा चौकीत बोलावलं. मला एकदाच. काय ते समजा.
काय विचारतात रे, म्हटलं. म्हणाला, काही नाही, तू कानस चालव.
अकराला नेहमीसारखा अर्धा चहा माझ्याकडे सरकवला. म्हटलं, ॲसिडिटी आहे. मग त्यानेही घेतला नाही. दोन्ही पेले निवले. संशयास्पद वर्तन म्हणून नोंद.

रविवार, ८ जून
हिच्या कानावर गेलंच. भावजींचं नाव तुम्ही दिलंत? म्हटलं, नाव नाही, फक्त वेळ दिली. त्यावर माझ्या ऑपरेशनच्या वेळी नऊ दिवस उशाशी कोण बसलं होतं, हे काढलं. हिला तपासातलं काही कळत नाही. मीठही जास्त झालं होतं.

सोमवार, ९ जून, दुपारी ४.१०
सेकंद बाहेर. त्याच्या ड्रॉवरसाठी नुसत्या नजरेच्या अंदाजाने किल्ली केली. आत काय ते आज कळेल.
४.२० किल्ली फिरत नाही.
४.२५ निघतही नाही.
४.३५ तेल घातलं.
४.४० तुटली.
५.०० सेकंद आला. ड्रॉवरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चिमट्याने दोन मिनिटांत तुकडा काढला आणि माझ्या बाजूला ठेवला. गुन्हेगार इतकेच थंड असतात.
मला मात्र घाम फुटला होता. उकाडा आहे.

बुधवार, ११ जून
इन्स्पेक्टर म्हणाले, तुमचं नाव यादीतून काढलं. म्हटलं, कसल्या यादीतून? संशयितांच्या. पहिलंच होतं.
मग सेकंदचा जबाब दाखवला. दोनदा बोलावलं तेव्हा चार ते पाच कुठे जातो ते त्याने सांगितलं नाही. मित्राच्या धंद्याचा प्रश्न आहे, एवढंच म्हणाला. काल तिसऱ्यांदा, आता तुमच्या मित्रालाच आत घेणार म्हटल्यावर, बोलला. लिहिलंय : माझ्या मित्राची एकही किल्ली पहिल्या फटक्यात लागत नाही. मी रोज चारला गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन कानशीने नीट करून देतो. नाहीतर ते दुकानात येऊन त्याला बोलतील. दलालाकडे मी गुरुवारी जाणार होतो.
दलालासाठी मी केलेली किल्ली पोलिसांनी लावून पाहिली. फिरली नाही. एकतीस गिऱ्हाइकांनी सह्या करून दुजोरा दिला. एकतीस!
खुनी अजून सापडलेला नाही. मी निर्दोष आहे, तेही सरकारी कागदावर.
लाज वाटते. खूप वाटते.

गुरुवार, १२ जून
माफी मागायचं वाक्य पाठ करून गेलो. आठवलं नाही. नुसतं म्हटलं, चुकलो रे. तो भिंग डोळ्याला लावून बसला होता, तसाच बसून राहिला. अकराला चहा आला. सगळा त्याने एकट्याने प्यायला.
चार वाजले. सेकंद उठला नाही. पिशवी माझ्या बाजूला सरकवली. आत कानस आणि पत्त्यांची यादी. मी पिशवी उचलली. पाच मिनिटांत आलो, म्हटलं. तो वर न बघता म्हणाला, कानस हलक्या हाताने मार.
संकल्प : आजच्या आज पाच घरं उरकणे.
कोपऱ्यावर यादी उघडली. पहिला पत्ता माझ्याच घराचा आहे. कपाटाची किल्ली. पुढे त्याच्या अक्षरात : वहिनी म्हणाल्या, ह्यांना सांगू नका.